लहान घर ऐसपैस होते ते कागदावरच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला लहान घरांवरचा लेख वाचला. पांढरा रंग, मोठा आरसा, घडीचा पलंग, छतापासून सोडलेले पडदे असे बरेच उपाय त्यात सुचवले आहेत, आणि त्यातला एकही खोटा नाही. पण ते सगळे घर बांधून झाल्यानंतरचे आहेत. मी बरीच वर्षे घरांचे नकाशे काढते. घर मोकळे वाटणार की कोंदट, हे रंगारी दारात येण्याच्या फार आधी ठरून गेलेले असते, असे मला ठामपणे सांगावेसे वाटते. दार कुठल्या कोपऱ्यात, खिडकी किती उंच, कपाट कुठे, हे नकाशावर खोडरबराने बदलता येते. भिंत उभी राहिली की त्याच बदलासाठी छिन्नी-हातोडा आणि गवंडी लागतो, आणि काटकसरीने घर बांधणाऱ्याला नेमके तेच परवडत नाही.

तीन मीटर बाय चार मीटरची खोली घ्या. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके अंतर पाच मीटर भरते. दार कोपऱ्याजवळ ठेवले, तर आत पाऊल टाकणाऱ्याची नजर थेट या पाच मीटरवर जाते. तेच दार लांब भिंतीच्या मधोमध आले, तर तीन मीटरवर समोरची भिंत आडवी येते. शिवाय त्या भिंतीचे दोन तुकडे होतात, प्रत्येकी दीड मीटरच्या आसपास, आणि दोन मीटरचा पलंग कुठल्याच तुकड्याला लागत नाही. मग पलंग दुसऱ्या भिंतीला जातो, कपाट खिडकीवर चढते आणि उरलेल्या जागेतून माणसे एकमेकांना वाट देत फिरतात. खोलीचे क्षेत्रफळ दोन्ही वेळा बारा चौरस मीटरच. त्या तिरक्या रेषेच्या टोकाला खिडकी मिळाली तर आणखी उत्तम, कारण मग नजर भिंतीशी थांबत नाही, बाहेर जाते. दोन खोल्यांची दारे एका रेषेत घेतली तर हाच लाभ अख्ख्या घराला मिळतो.

खिडकीचा विचार बहुतेक वेळा फक्त लांबी-रुंदीचा होतो. ती भिंतीत कुठे बसते, याला निदान तेवढेच महत्त्व आहे. नकाशे काढणाऱ्यांचा जुना ठोकताळा असा, की कामापुरता उजेड खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या साधारण दोन ते अडीच पट आत पोचतो. म्हणजे त्याच मापाची खिडकी आडवी न ठेवता उभी केली आणि तिचा माथा छताच्या जवळ नेला, तर खोलीचा मागचा भाग उजळतो. भिंतीच्या मध्यावर खिडकी असली की तिच्या दोन्ही बाजूंना अंधारे पट्टे राहतात, डोळ्यांवर तिरीप येते आणि दुपारीही आतल्या कोपऱ्यात दिवा लावावा लागतो. तीच खिडकी बाजूच्या भिंतीला अगदी चिकटवून घ्या. उजेड त्या भिंतीवरून घासत आत जातो, गिलाव्यावरचे थापीचे बारीक वळसेसुद्धा दिसायला लागतात, आणि सगळी भिंतच दिव्यासारखी खोलीला उजेड देते. भिंतीला चिकटलेल्या खिडकीची दारे कशी उघडायची, असा प्रश्न सुतार काढतोच. झडप एकच ठेवली किंवा ती सरकती केली की तो सुटतो. शक्य असेल तिथे खोलीला दोन बाजूंनी उजेड द्यावा. वारा खेळतो तोही त्यामुळेच.

आता लहान घराच्या खऱ्या दुखण्याविषयी, म्हणजे पसाऱ्याविषयी. नकाशात पलंग दिसतो, सोफा दिसतो, पण बॅगा, जादाच्या गाद्या, शिडी, बादल्या, इस्त्रीचे टेबल, बुटांची खोकी कोणी काढत नाही. या वस्तू घरात येणारच असतात. त्यांना जागा दिली नाही तर त्या आपली जागा घेतात, आणि ती नेमकी दाराच्या मागे, पलंगाखाली आणि खिडकीच्या कट्ट्यावर असते. माझा आग्रह असा असतो, की घराचा साधारण दहावा हिस्सा साठवणीला आधीच काढून ठेवावा. तो आणायचा कुठून? खोल्यांमधला बोळ बघा. नव्वद सेंटीमीटर रुंद आणि पाच मीटर लांब बोळ साडेचार चौरस मीटर खातो, म्हणजे पंचेचाळीस चौरस मीटरच्या घराचा बरोबर दहावा भाग फक्त चालण्यासाठी. खोल्यांची मांडणी बदलून हा बोळ मोडता आला, तर तीच जागा जमिनीपासून छतापर्यंतच्या कपाटांना देता येते. दोन खोल्यांच्या मध्ये साठ सेंटीमीटर खोल कपाटांची भिंत उभी केली की आडोसाही होतो, सामानही जाते, आणि आत कपडे-गाद्या भरलेल्या असल्यामुळे पलीकडचा आवाज बराच कमी येतो. नुसत्या पातळ पार्टिशनला यातले एकच काम जमते.

उंचीविषयी थोडेसे. दारातून आत आल्यावरच्या भागाचे छत सव्वादोन मीटरवर घेऊन वर माळा काढला आणि पुढची बैठकीची खोली तीन मीटर उंच ठेवली, तर ती खोली तिच्या मापापेक्षा मोठी वाटते. अमेरिकी वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांनी ही युक्ती पुन्हा पुन्हा वापरली. अख्ख्या घराचे छत खाली आणणे ही वेगळी गोष्ट, तिने घर फक्त बुटके होते.

परवडण्याचा हिशेबही याच कागदावर होतो. सहा बाय आठ मीटरचे घर अठ्ठेचाळीस चौरस मीटरचे. त्याच्या बाहेरच्या भिंतींची एकूण लांबी अठ्ठावीस मीटर. तेवढेच घर चार बाय बारा केले की बत्तीस मीटर भिंत बांधावी लागते, पायाही तितकाच वाढतो. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर पाठीला पाठ लावून ठेवले तर पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप एकाच भिंतीत बसतात, गळती शोधायलाही सोपे जाते. वाचलेले पैसे खिडक्यांवर खर्च करावेत, असे माझे मत आहे.

या विषयावर जगात शंभर वर्षे गंभीरपणे काम झाले आहे. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त शहरात वास्तुकार खेरिट रीटवेल्ड यांनी 1924 मध्ये ट्रूस श्रोडर या बाईंसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी बांधलेल्या घराचा वरचा मजला दिवसा एकसलग असे आणि रात्री सरकत्या पातळ भिंतींनी त्याच्या निजायच्या खोल्या होत. 1926 मध्ये वास्तुकार मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की यांनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टमधल्या परवडणाऱ्या घरांसाठी अवघे 1.9 बाय 3.4 मीटरचे स्वयंपाकघर आखले. हात कुठवर पोचतो, पावले किती पडतात, याचा त्यात बारकाईने विचार होता, आणि ते त्या शहरातल्या हजारो घरांत बसले. मला त्या कामाबद्दल मनापासून आदर आहे. तरीही स्वयंपाक करणारी व्यक्ती त्यात एकटी पडते, हा आक्षेप मला पटतो. ओट्यापाशी उभे राहून बैठकीतल्या माणसाशी बोलता आले पाहिजे, त्यासाठी मधल्या भिंतीत एक खिडकी काढली तरी पुरे. वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी 1952 मध्ये दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर स्वतःसाठी बांधलेली 3.66 बाय 3.66 मीटरची लाकडी खोली लहान घरांचे कौतुक करताना नेहमी दाखवतात. तिच्यात स्वयंपाकघर नव्हते. जेवण शेजारच्या खाणावळीत, आणि समोर समुद्र. चार माणसांच्या कुटुंबापुढे तो आदर्श ठेवणे मला योग्य वाटत नाही.

म्हणूनच ‘सगळ्या भिंती काढा, घर मोठे दिसेल’ हा सल्ला मी देत नाही. पाहुण्याला ते घर मोठे दिसते. राहणाऱ्याला मात्र फोनवर बोलायला, अभ्यासाला, आजारपणात पडून राहायला कुठे कोपरा उरत नाही, आणि काही महिन्यांत तेच घर अंगावर येते. निदान एक दार बंद करता यावे आणि घरातल्या प्रत्येकाला पाठ टेकून बसता येईल अशी एक जागा असावी. खिडकीचा कट्टा पंचेचाळीस सेंटीमीटर उंचीवर आणि बसण्याइतका रुंद केला, बाहेरून मजबूत ग्रिल लावले, तर ती जागा खोलीचा इंचही न घेता मिळते.

बांधकाम जोत्यापर्यंत आले की घरमालक घाबरतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. उघड्यावर आखलेल्या खोल्या फारच चिमुकल्या दिसतात. त्या भीतीपोटी कोणी ऐन वेळी भिंत फूटभर सरकवतो, खर्च वाढतो आणि दार-खिडक्यांचे सगळे गणित बिघडते. त्यापेक्षा पाया खणण्यापूर्वी मोकळ्या जागेत खडूने किंवा चुन्याने पूर्ण मापाचा नकाशा आखावा, पलंगाच्या आणि टेबलाच्या मापाचे कागद त्यावर पसरावेत, आणि घरातल्या सगळ्यांनी त्यात तासभर वावरून पाहावे. दार उघडताना कोण कोणाला धडकतो, ते तिथेच कळते.

आपल्याला माझी विनंती आहे. पुरवणीत लहान घरांचे नकाशे आपण छापता, त्यांत क्षेत्रफळ ठळक असते, पण बहुतेक वेळा खोल्या रिकाम्या असतात. यापुढे प्रत्येक नकाशात पलंग, टेबल आणि कपाटे मापात काढून दाखवावीत, दारे कुठल्या बाजूला उघडतात ते दाखवावे, आणि उत्तर दिशा व प्रमाणपट्टी द्यावी. नकाशाशेजारी घराचा उभा छेदही, म्हणजे घर वरून खाली कापले तर आत जे दिसेल त्याचे चित्रही छापावे, म्हणजे खिडकीचा माथा, माळा आणि छताची उंची वाचकाला दिसेल. जागा कमी पडत असेल तर सजवलेल्या बैठकीचा फोटो गाळला तरी चालेल.

आपली विश्वासू,
एक वाचक