बॅरेटचा कागद आणि तुझी कलमं

मित्रा,

तू पाठवलेला रिपोर्टचा फोटो परवा रात्रीच बघितला, पण फोन केला असता तर तू मधेच ठेवून दिला असतास म्हणून सावकाश लिहितोय. बॅरेट्स इसोफेगस. हेच दोन शब्द सहा वर्षांपूर्वी माझ्या कागदावर होते, मालवणला परत येताना एसटीत मी कोणाशी एक शब्द बोललो नाही आणि घरी हिने बांगड्याचं तिखलं वाढलेलं ते तसंच ठेवून पडवीत जाऊन बसलो. तुझं काय झालं असेल ते मला कळतं रे.

पण हा कॅन्सर नाही. ॲसिड वर्षानुवर्षं वर येऊन अन्ननलिकेचं खालचं टोक भाजत राहतं, मग तिथलं अस्तरच बदलतं, आतड्यातल्यासारख्या पेशी येतात, एवढंच. मला डॉक्टरांनी नंतर फोटो दाखवलेला, फिकट गुलाबी नळी आणि खालून वर चढलेल्या लालसर जिभा, भरतीचं पाणी पुळणीवर चढतं ना अगदी तसं.

आता मुख्य गोष्ट, वेगाची. आधी धरून चालायचे की दरवर्षी दोनशेत एकाला कॅन्सर होतो. मग 2011 मध्ये डेन्मार्कमधल्या 11 हजारांवर पेशंटचा अभ्यास आला, त्यात आकडा निघाला वर्षाला 0.12 टक्के, म्हणजे हजारात एखादा. बॅरेट असलेले बहुतेक लोक शेवटी दुसऱ्याच कशाने तरी जातात. तुझ्या कागदाच्या तळाला 'डिस्प्लेसिया नाही', म्हणजे पेशी कॅन्सरच्या दिशेने बिघडलेल्या नाहीत, असं लिहिलंय ते वाचलंस का? मला वाटतं तू वरची ओळ वाचलीस आणि तिथेच थांबलास. खरी ओळ तळाचीच आहे. हाय ग्रेड डिस्प्लेसिया असता तर गोष्ट वेगळी, तिथे दरवर्षी शंभरात सहा-सात जणांचा कॅन्सर होतो, पण तेव्हासुद्धा दुर्बिणीतूनच तो भाग कापतात किंवा जाळतात, छाती उघडत नाहीत. तुझा पट्टा दोन सेंटिमीटरचा आहे, तीनच्या आत असला की पुढची एंडोस्कोपी साधारण पाच वर्षांनी. ती मात्र चुकवायची नाही, मी तारीख माझ्याही फोनमध्ये टाकून ठेवतो.

तोवर ॲसिडची गोळी रोज सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी, बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करायची नाही. सिगरेट सोड, यात मी तुझं काही ऐकणार नाही. रात्रीचं जेवण सातला, आणि पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली जांभ्याचे दोन तुकडे घाल, मी घातलेत, सुरुवातीला पायाकडे घसरायला होतं मग सवय होते, छातीतली जळजळ रात्री निम्म्यावर आली माझी. घास अडकायला लागला, वजन उतरलं, शौचाला काळी झाली तर मात्र पाच वर्षांची वाट बघू नको, त्याच दिवशी निघ.

आणि वहिनी सांगत होत्या की तू वरच्या कातळावरची हापूसची कलमं रद्द केलीस, धरायला पाच-सहा वर्षं लागतात मग खाणार कोण असं म्हणालास, ते ऐकून मला रात्रभर झोप नाही. नर्सरीवाल्याला फोन कर, पन्नासच्या पन्नास सांग. रविवारी सकाळच्या गाडीने येतो, पहार घेऊन येतोय, पावसाआधी खड्डे झाले पाहिजेत.

तुझाच