राणीच्या बागेत आम्हाला नवे प्राणी नकोत, परवडणारे तिकीट हवे: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

माननीय आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका, मुंबई.

विषय: वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान व प्राणिसंग्रहालय, भायखळा.

स. न. वि. वि.

राणीच्या बागेत नवे काही करायचे ठरले की कारण एकच सांगितले जाते: लोकांना आकर्षण हवे. परदेशी प्राणी आणायचे तर लोकांसाठी, काचेच्या मोठ्या भिंती उभारायच्या तर लोकांसाठी, आणि मग खर्च वाढला म्हणून तिकीट वाढवायचे तेही त्याच लोकांकडून घ्यायचे. त्या लोकांपैकी मी एक आहे. आमच्या नावाने जे मागितले जाते ते आम्ही मागितलेले नाही, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

मी सातारा जिल्ह्यातला. मुंबईत कधी कामासाठी येतो, कधी कुणाच्या आजारपणात, कधी नुसता फिरायला. मुक्काम लालबागला चुलतभावाच्या खोलीवर असतो. टॅक्सी आणि हॉटेल ज्याला झेपत नाही तो माणूस मुंबई जशी पाहतो तशीच मी पाहिली: लोकलने, बेस्टने आणि बरीचशी पायी. अशा माणसाची मोठी अडचण म्हणजे दुपार. सकाळी काम उरकलेले असते, एसटी रात्रीची असते, खोलीवर रात्रपाळी करून आलेली माणसे झोपलेली असतात. बारा ते चार जायचे कुठे? गेटवेला ऊन, मरीन ड्राइव्हला ऊन, गिरगाव चौपाटीची वाळू तापलेली. मॉलमध्ये गारवा असतो, पण तिथे काही न घेता दोन तास बसले की आपल्यालाच अवघडल्यासारखे होते. राणीच्या बागेत तसे होत नाही. तिथे बाकावर नुसते बसून राहणाऱ्याला कुणी काही विचारत नाही. पाणघोडा पाहून झाला, अस्वल पाहून झाले, की माणसे झाडाखाली बसतात, मुले इकडेतिकडे पळतात, म्हातारी माणसे पाय पसरतात. प्राणी पाहायला लागतो तासभर. उरलेला सगळा वेळ माणसे सावलीत असतात. नियोजनाच्या कागदावर हा वेळ कुठे धरला जातो का, असा मला प्रश्न पडतो.

आणि ही माणसे कोण असतात ते एकदा तिकिटाच्या खिडकीजवळ अर्धा तास उभे राहून पाहावे, अशी माझी आपल्याला मनापासून विनंती आहे. भायखळ्याला जेजे जवळ, मुंबई सेंट्रलला नायर आहे, परळला केईएम, टाटा आणि लहान मुलांचे वाडिया. नांदेड, जळगाव, रत्नागिरी, थेट विदर्भातूनही माणसे या रुग्णालयांत येतात आणि आठवडेच्या आठवडे राहतात. पेशंटबरोबर घरची मुलेही येतात, कारण गावी त्यांना सांभाळायला कुणी नसते. आजारी भावाच्या खाटेपाशी दिवसभर बसून कंटाळलेल्या मुलाला घेऊन कुणी मामा, कुणी मावशी दुपारी बाहेर पडते. परळहून भायखळा लोकलने पाच रुपयांत. मी अशा माणसांशी बाकावर बसून बोललो आहे. हातात फाइलची प्लास्टिकची पिशवी, त्यात एक्स-रे, आणि मांडीवर वाघ पाहून आलेले पोर. त्या पोराच्या लेखी मुंबई म्हणजे इस्पितळ आणि राणीची बाग. दुसरे काही त्याने पाहिलेलेच नसते.

आता तिकिटाचे बोलतो. २०१७ पर्यंत मोठ्या माणसाला पाच रुपये आणि मुलाला दोन रुपये होते. त्या वर्षी ऑगस्टपासून मोठ्याला ५० आणि मुलाला २५ झाले. आई-वडील आणि दोन मुले अशा चौघांच्या कुटुंबाला मात्र १०० रुपये, म्हणजे सुट्या हिशेबापेक्षा ५० रुपयांची सूट. ज्याने ही सूट ठेवली त्याचा हेतू चांगलाच असणार. पण हिशेब करून बघा. नवरा नसलेली बाई दोन मुलांना घेऊन आली तर ५० अधिक २५ अधिक २५, म्हणजे १०० रुपये. चौघांच्या कुटुंबालाही १०० आणि तिला तिघांचेही १००. जिच्या घरात कमावणारा एक हात कमी, तिला एका पैशाची सूट नाही. २०१७ च्या आधी तिला नऊ रुपये लागायचे. पुतणे आणि भाचरे अशी चार पोरे घेऊन आलेल्या काकाला १५० रुपये. तिसरे मूल असेल तर त्याचे वेगळे. मावशीबरोबर आलेली पोरे तिची स्वतःची नाहीत, म्हणून ते कुटुंब नाही. आमच्याकडे गावाहून माणसे येतात ती अशीच येतात: दोन जावा, एक आत्या, शेजारचा एक मुलगा, ज्याच्या आईने हातात पन्नासाची नोट देऊन याला पण न्या म्हणून सांगितलेले. चौघांचे नेटके कुटुंब त्या रांगेत कमीच दिसते.

पाच रुपये आता परवडत नाहीत, हे मला समजते. खाणे, औषधे, पशुवैद्य, राखणीची माणसे, सगळेच महागले आहे, आणि मुक्या जनावराच्या तोंडचे काढून आम्हाला स्वस्त तिकीट नको. पण महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या पुढचा आहे. एवढ्या पसाऱ्यात राणीच्या बागेच्या फाटकावर जमणाऱ्या पैशाने फारसा फरक पडत नाही. फाटकाबाहेर पोरांची डोकी मोजून पुन्हा खिसा चाचपणाऱ्या बाईला मात्र फरक पडतो. म्हणून सवलत आई-वडील आणि दोन मुले या चौकटीतून बाहेर काढा. एका मोठ्या माणसाबरोबर कितीही मुले असोत, मुलांचे मिळून एक ठरावीक, लहान रकमेचे तिकीट ठेवा. रुग्णालयाचा केसपेपर दाखवणाऱ्याच्या बरोबरच्या मुलांना मोफत सोडा. आणि आठवड्यात गर्दी नसलेला एक दिवस, मंगळवार म्हणा, सगळ्यांना दहा रुपयांत ठेवा. बेस्टच्या साध्या बसचे कमीत कमी भाडे मे २०२५ पासून दहा रुपये आहे. जो बसने येऊ शकतो त्याला आतही येता यावे, एवढीच मागणी. ऑनलाइन तिकिटाची सोय चांगली आहे, पण साधा फोन वापरणाऱ्यासाठी रोख घेणारी खिडकी कायम उघडी राहू द्या.

पेंग्विनचा विषय निघाला की वाद होतो, म्हणून नीट सांगतो. २०१६ च्या जुलैमध्ये दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले, त्यातला एक ऑक्टोबरमध्ये दगावला, आणि २०१७ च्या मार्चमध्ये पेंग्विन कक्ष लोकांसाठी उघडला. हा पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी. भायखळ्यात त्याला जगवायचे तर बारा महिने, रात्रंदिवस यंत्राने गारवा ठेवावा लागतो. काचेपलीकडे तो पोहत गेला की मुले ओरडतात, तो आनंद खरा आहे, आणि तो मी डोळ्यांनी पाहिला आहे. आता आहेत ते पेंग्विन नीट सांभाळले पाहिजेत, यात दुमत नाही. माझे म्हणणे पुढच्या प्राण्यांबद्दल आहे. २०२० मध्ये शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली ती छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, सिद्धार्थ उद्यानातून. एका पालिकेच्या बागेतून दुसरीच्या बागेत. विमान नको, बर्फ नको, आणि मुलांचा ओरडा तेवढाच. बिबट्या, तरस, अस्वल, मगर हे आपल्याच मातीतले प्राणी. गावाकडच्या मुलाने तरसाचे नाव ऐकलेले असते, पण तरस पाहिलेले नसते. ऊसतोडीच्या फडात बिबट्याची पिल्ले सापडल्याच्या बातम्या आमच्याकडे दरवर्षी येतात. त्या मुलाला बिबट्या कसा वागतो, माणूस दिसल्यावर काय करतो, हे इथे कुणी समजावून सांगितले तर ते गावी जाऊन चार जणांना सांगेल. आमच्या भागात ते ज्ञान उपयोगाचे आहे.

म्हणून प्रत्येक मोठ्या पिंजऱ्यापाशी एक समजावून सांगणारा माणूस असावा, मराठी आणि हिंदी बोलणारा. काचेवर थापा मारणाऱ्या गर्दीला शिटी वाजवून हाकलण्यापेक्षा तिला दोन गोष्टी सांगितल्या तर ती जास्त लवकर गप्प होते. जनावराला वर्षानुवर्षे खायला घालणाऱ्या, त्याची नस ओळखणाऱ्या राखणदारांना दिवसातून एकदा, खाणे द्यायच्या वेळी, दहा मिनिटे बोलायला सांगा आणि त्याचा मेहनताना द्या. यासाठी ना टेंडर काढावे लागेल, ना सल्लागार नेमावा लागेल.

पिंजरे रिकामे दिसले तर लोक नाराज होतील, ही भीतीही आमच्या नावाने घालू नका. हत्तीचेच बघा. एके काळी राणीच्या बागेत हत्तीवरून फेरी मिळायची, जुनी माणसे अजून आठवण काढतात. पण हत्ती कळपाने राहणारा, मैलोन्‌मैल चालणारा प्राणी. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच प्राणिसंग्रहालयांतले हत्ती बाहेर हलवायला सांगितले होते. इथे पुन्हा हत्ती आणू नका. ज्या जनावराला जागा पुरत नाही ते न दिसले तर आमचे काही बिघडत नाही. मुलाला समजावून सांगायला आम्ही आहोत.

या बागेजवळ खरे मोल असलेली जी गोष्ट आहे ती कुठूनही आणावी लागलेली नाही. बाग १८६२ ची. ती वसवली शेती आणि बागकामाला वाहिलेल्या एका संस्थेने, आणि १८७३ पासून ती पालिकेकडे आहे. म्हणजे ही आधी झाडांची बाग होती. आजही तिथे आफ्रिकेतली गोरखचिंच आहे, जिच्या खोडाला चार माणसांनी कवेत घ्यायचे म्हटले तरी हात पुरायचे नाहीत. कैलासपती आहे, ज्याची फुले आणि तोफगोळ्यासारखी फळे फांदीला न लागता खोडालाच लागतात. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी आहे, फुलते तेव्हा खाली झुंबरे लोंबतात. पानांचे द्रोण होणारा कृष्णवड आहे. वर वटवाघळे लटकलेली असतात, पोपट असतात, बगळे असतात, आणि त्यांना कुणी आणलेले नाही, पिंजराही नाही. माझ्याबरोबरची पोरे कैलासपतीच्या फळाखाली जेवढा वेळ उभी राहिली तेवढा वेळ ती कोणत्याच पिंजऱ्यापुढे राहिली नाहीत. ते फळ आपल्या डोक्यावर पडेल का, यावर त्यांची चर्चा चालली होती.

या झाडांना मोठ्या अक्षरांत, मराठीत, वाचण्यासारख्या पाट्या लावा. नुसते शास्त्रीय नाव नको. झाड कुठून आले, कधी फुलते, त्याचा उपयोग काय, अशा तीन ओळी पुरेत. बागेत काळा घोडाही आहे, सातव्या एडवर्डचा तो घोड्यावरचा पुतळा, जो १९६५ मध्ये फोर्टमधून इथे हलवला. शेजारी डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायला उचलला तेव्हा क्रेन तुटून त्याचे तुकडे झाले, आणि ते १९१४ मध्ये जोडून इथे उभे केले. घारापुरीच्या लाँचचे भाडे ज्याला जड जाते त्या माणसाला ही गोष्ट इथे उभे राहून कळली पाहिजे. पुढे विस्तार कराल, इमारती बांधाल, तेव्हा या झाडांच्या मुळांवर फरशी येऊ नये. बाक वाढवा, ते सावलीत ठेवा, पिण्याच्या पाण्याचे नळ ठिकठिकाणी द्या, आणि घरचा डबा सतरंजी टाकून खाता येईल अशी एक जागा कायमची राखून ठेवा. भाकरी बांधून आलेल्या माणसाला कॅन्टीनचे दर वाचून परत पिशवी उघडायला संकोच वाटू नये.

राहिला बुधवार. जनावरांच्या विश्रांतीसाठी आणि देखभालीसाठी आठवड्यातला एक दिवस बाग बंद असते, आणि ते योग्यच आहे. पण बाहेरगावच्या माणसाला हे ठाऊक नसते. बुधवारी फाटकापर्यंत येऊन, पोरांचा हात धरून परत भायखळा स्टेशनकडे चालत जाणारी माणसे दिसतात. त्यांची एसटी किंवा गाडी बहुधा त्याच रात्रीची असते. भायखळा, दादर, परळ आणि सीएसएमटी स्टेशनांवर, मुंबई सेंट्रलच्या एसटी स्थानकात आणि या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत एक पाटी लावा: राणीची बाग बुधवारी बंद, बुधवारी सार्वजनिक सुट्टी असेल तर गुरुवारी बंद. पाट्यांचे काम महिन्याभरात होण्यासारखे आहे. तिकिटाच्या सवलतीचा निर्णय मात्र दिवाळीच्या सुट्टीआधी व्हावा, कारण गावाकडची सगळ्यात जास्त पोरे तेव्हाच मुंबईत येतात.

आपला,
सातारा जिल्ह्यातून मुंबईला येणारा एक प्रवासी