पॉलिशच्या बाटलीवरील आकडे

संपादक महोदय,

पावसाळ्यानंतर गाडीच्या रंगावरील ओरखडे घालवण्यासाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पॉलिश घेण्यास गेलो असता जो गोंधळ अनुभवला, त्याबद्दल हे पत्र. ‘रबिंग कंपाउंड’, ‘फाइन कट’, ‘ग्लेझ’ यांपैकी कोणते रंगाचा थर घासून काढते आणि कोणते नुसती चकाकी आणते, हे बाटलीवरून कळत नाही. आकड्यांची तऱ्हा तर त्याहून न्यारी. पॉलिश पेपरचा आकडा (‘ग्रिट’) जितका मोठा तितका तो बारीक, हे गॅरेजमधल्या नवख्या पोरालाही ठाऊक असते. पण पॉलिशच्या एका बाटलीवर मोठा आकडा म्हणजे अधिक घासणारे, तर दुसरीवर १, २, ३ हा केवळ वापरण्याचा क्रम. ‘१५०० ग्रिट’ असे छापलेले असते, तेव्हा बहुधा त्या आकड्याच्या पॉलिश पेपरने पडलेले चरे हे पॉलिश काढू शकते, एवढाच त्याचा अर्थ असतो. द्रवातील कणांचा तो आकार नव्हे. शिवाय अनेक पॉलिशांतील ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण घासता घासता फुटून बारीक होत जातात.

गाडीच्या रंगावरील पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो आणि तो झिजला की पुन्हा रंगकामाखेरीज गत्यंतर नाही. माझ्या बॉनेटचा कोपरा याची साक्ष देईल. भारतीय मानक ब्युरोने घासण्याच्या क्षमतेसाठी एकच मोजपट्टी ठरवावी, आणि तोवर उत्पादकांनी निदान ‘हे पॉलिश रंगाचा थर काढते’ एवढे वाक्य ठळक मराठीत छापावे.

— एक वाहनधारक, मुलुंड, मुंबई