त्रैक्य समजावणाऱ्या पाळकसाहेबांना

आदरणीय पाळकसाहेब,
सप्रेम नमस्कार.

पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन, तरी देव एकच, हे गणित मला सोडवून द्या म्हणून मी नागपुरातल्या सदर भागातल्या तुमच्या घरी आलो होतो. तुम्ही गणित बाजूला सारलंत आणि मंडळी, म्हणजे चर्च, प्रार्थना कशी करते तिथून सुरुवात केलीत. त्याबद्दल हे जाहीर आभार.

दत्ताची मूर्ती लहानपणापासून पाहिलेला माणूस विचारणारच, की हे तसंच ना? तुम्ही हसला नाहीत, झटकलंही नाहीत. शुभवर्तमानातला यार्देन नदीवरचा, येशूच्या बाप्तिस्म्याचा प्रसंग काढून दिलात: पुत्र पाण्यात, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि पित्याची वाणी आकाशातून येतेय. तिघंही एकाच वेळी हजर. म्हणजे एकानेच आलटूनपालटून घेतलेली ही सोंगं नव्हेत. तिसऱ्या शतकात साबेल्लियसच्या नावाने ओळखलं गेलेलं ते मत मंडळीने नाकारलं. आणि तिघांनी वाटून घेतलेलं देवपणही नव्हे. प्रत्येक जण पूर्ण देव. इथे दत्ताची उपमा थांबते, हे तुम्ही मलाच शोधू दिलंत.

पण माझी खरी गाठ सुटली ती पुढच्या बोलण्यात. पहिले ख्रिस्ती बहुतेक यहुदी. ‘परमेश्वर एकच’ हे त्यांच्या रक्तात, आणि तरी ते येशूची आराधना करत होते. पेच आधी गुडघ्यांवर आला, पुस्तकात नंतर. मग अलेक्झांड्रियाचा एरियस म्हणाला, पुत्र निर्माण केलेला आहे, तो नव्हता अशी स्थिती होती. बादशहा कॉन्स्टंटाइनने ३२५ साली निकियाला परिषद बोलावली. तिथे ठरलं की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा. एरियसचा विरोधक अथनासियस, त्याचा मुद्दा मला अजून आठवतो: तारणारा स्वतःच निर्मिती असेल, तर तो माणसाला देवाशी जोडणार कसा? निकियाच्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, पवित्र आत्म्याबद्दलची कलमं ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलला वाढली. एवढी भांडणं झाली म्हणून मला हा सिद्धांत जास्त खरा वाटला. सोय म्हणून कोणी असलं अवघड मांडत नाही, बाप्पा!

आपल्याच नागपुरात २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारताची मंडळी झाली, हेही तुमच्याकडूनच कळलं. बाप्तिस्मा बालपणी द्यावा की मोठेपणी, यावर त्यांची मतं वेगळी; दोन्ही रीती ठेवल्या. निकियाचा मतांगीकार मात्र पायातच.

मी ख्रिस्ती नाही, आणि तुम्ही तो विषय कधी काढला नाहीत. ‘देव प्रीती आहे’ हे योहानाचं वाक्य सृष्टीच्या आधीही खरं असेल, तर ती प्रीती कोणावर, हा तुमचा प्रश्न मात्र मी घरच्यांनाही घातला. आई म्हणाली, बरोबर विचारलं त्यांनी.

आत्मा पित्यापासून निघतो की पुत्रापासूनही, यावरून पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या मंडळ्यांचं का बिनसलं, ते राहिलंच. पुढच्या रविवारी उपासनेनंतर येतो. तर्रीपोहे माझ्याकडून.

आपला,
मोहननगरचा शेजारी