घातलेला घास तरी दळू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी एसटीत वाहक आहे. दिवसभर थांबे पुकारून घसा बसतो, तरी ड्युटी संपली की गरम पाणी पिऊन तालमीला जाते. गंगाखेडला आम्ही सव्वीस जण मिळून समूहगान करतो. भाजी विकणाऱ्या मावशी, अंगणवाडीच्या ताई, दोन मास्तर, एक टेलर, बारावीच्या पोरी असे सगळे आहोत. गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्याच्या गावी झालेल्या संगीत महोत्सवात आम्हाला पंधरा मिनिटं दिली होती. त्या पंधरा मिनिटांबद्दल हे पत्र.

आमचा पहिला आठवडा पट्टी, म्हणजे कुठल्या सुरावरून गायचं ते, ठरवण्यातच गेला. बायांना पेटीची काळी चार सोयीची, बाप्यांना काळी एक. शेवटी पांढरी चार धरली. बायांना जरा खाली पडते, बाप्यांना वर जाते, पण कुणाचा आवाज फाटत नाही. मग ओव्या घेतल्या. गाव जनाबाईचं, तिथं जात्यावाचून ओवी कशी म्हणायची? आमच्यातल्या सत्तरीच्या आजींनी घरचं जातं आणलं आणि चार दिवस आम्हाला नुसतं दळायलाच बसवलं. खुंटा आपल्याकडे ओढताना ओळ सोडायची, हात पलीकडे जाताना श्वास घ्यायचा. हे हाताला कळलं तेव्हा सव्वीस जणांचा श्वास एका जागी आला. त्याआधी महिनाभर टाळ्या वाजवूनही तो येत नव्हता. माजलगावच्या बायांनी म्हटलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या, त्या आज इंटरनेटवर ऐकायला मिळतात. त्यातल्या दोन आम्ही मोबाइलवर ऐकून बसवल्या. विठ्ठलाच्या ओवीमागं भीमरायाची ओवी आजी एका दमात उचलतात, ते ऐकताना माझ्या अंगावर अजून काटा येतो.

महोत्सवात आम्हा सव्वीस जणांना एकच माईक मिळाला, तोही पेटीपुढं. साउंडवाल्या मुलाला विनंती केली, तर तो म्हणाला, ‘ताई, सेटिंग मोठ्या कलाकारांचं झालंय, आता हलवता येत नाही.’ त्याचाही दोष नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या मुलीनं खालून काढलेल्या व्हिडिओत जात्याची घरघर आणि पुढच्या दोघींचा आवाज आहे. मागच्या दोन ओळी नुसती तोंडं हलवताना दिसतात.

सातव्या मिनिटाला प्रमुख पाहुण्यांची गाडी आली. विंगेतून ‘आटपा’ची खूण झाली. आजींनी नुकताच जात्यात मूठभर जवारीचा घास घातला होता. त्या म्हणाल्या, ‘एवढा घास होऊ द्या, लेकरा.’ तेवढ्यात माईक बंद झाला. पुढं चाळीस मिनिटं सत्कार चालले. आजींनी खाली बसून अर्धवट भरडलेले दाणे जात्यातून पदरात काढून घेतले आणि परतीच्या टेम्पोत गंगाखेड येईपर्यंत त्या कुणाशी बोलल्या नाहीत.

मोठ्या गवयांचं गाणं मलाही प्रिय आहे. पण समूहगान हे पाहुणे येईपर्यंतचा वेळ काढायला ठेवतात, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्याकडं कीर्तनकार कितीही मोठा असो, मागच्या टाळकऱ्यांनी धृपद, म्हणजे पालुपद, उचललं नाही तर कीर्तन उभं राहत नाही. मिळून गाण्याची किंमत मराठवाड्याला का सांगावी लागावी?

आयोजकांना फार खर्च पडेल असं आम्ही मागत नाही. तोंडापुढचा माईक एकच गळा उचलतो. समूहासाठी दोन चांगले माईक चार-पाच फूट पुढं, डोक्यापेक्षा थोडे उंच लावावेत, म्हणजे सगळे आवाज आधी मिसळतात आणि मग माईकात जातात. स्पीकरची तोंडं माईककडं नसली की शिट्टीही सहसा वाजत नाही. कार्यक्रमपत्रिकेत आमची वेळ छापा आणि ती पाळा. पाहुण्यांना उशीर झाला तर त्यांना पहिल्या रांगेत बसवा, तेही ऐकतील. मानधनाचं नंतर बोलू.

पुढच्या वर्षी बोलावलं तर आम्ही येऊ. आजी तयार आहेत, जातंही येईल. फक्त साउंडवाल्या मुलाला अर्धा तास आधी आमच्याकडं पाठवा.

आपली,
एक एसटी वाहक, गंगाखेड (जि. परभणी)