कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या मिस्त्रींचे मनापासून आभार

पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीला टेकायच्या आत बचाव बोटींची इंजिनं तयार करून देणाऱ्या, नाव न सांगता निघून गेलेल्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींना मनापासून धन्यवाद. चिखली-आंबेवाडीच्या लोकांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको.

इंजिन सुरू करायची दोरी ओढून ओढून हात भरून येत होते, तरी त्यांनी घाईने कार्बोरेटर उघडला नाही. आधी किल-स्विचची, म्हणजे इंजिन बंद करणाऱ्या बटणाची क्लिप पाहिली, मग टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू. तो बंद राहिला की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल येतच नाही. पेट्रोलच्या नळीतला रबरी फुगा बाणाची दिशा वर धरून दाबला, तरी तो कडक होईना. नळीच्या कनेक्टरची चिरलेली ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, हवा ओढत होती. एवढीशी रिंग!

दुसऱ्या इंजिनाचा स्पार्क प्लग दहा वेळा दोरी ओढूनही कोरडाच निघाला. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. वर्षभर पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या स्लो जेटमध्ये, म्हणजे बारीक पितळी भोकात बसला होता. तार न घालता क्लीनर आणि हवेनेच त्यांनी तो मोकळा केला, कारण तारेने पितळी भोक मोठं होतं. टू-स्ट्रोकला मॅन्युअलप्रमाणे 50:1, म्हणजे लिटरला 20 मिली ऑईल घालून ताजं पेट्रोल भरलं.

जाताना एवढंच बजावलं: ठेवायच्या आधी इंजिन थंड ठेवणारं पाणी चालू ठेवून पेट्रोलची नळी काढा, इंजिन आपोआप बंद पडू द्या, मग कार्बोरेटरचा बाऊल रिकामा करा. मिस्त्री, आता तसंच करतोय.