भोगीच्या स्वयंपाकाबद्दल शाळेच्या मावशींना आभारपत्र

आदरणीय मावशी,

सप्रेम नमस्कार.

शाळेच्या परसबागेतील भाज्यांचे भोगीचे जेवण यंदा सातवीच्या मुलामुलींनी रांधले. पोषण आहाराच्या स्वयंपाकघरात तुम्ही त्यांना आपुलकीने सामावून घेतले, म्हणूनच ते पार पडले. त्याबद्दल शाळेच्या वतीने तुमचे जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वाफे बांधणे, खत घालणे, पाणी देणे हे आम्ही मुलांकडून करून घेतले आणि थंडी पडताच मेथी, मुळा, गाजर, वांगी व कुंपणावरच्या वालाच्या शेंगा अशा जोमाने आल्या की रोज कोणीतरी काहीतरी खुडून आणू लागले. मात्र पिकलेली भाजी निवडून, चिरून, शिजवून सर्वांच्या ताटापर्यंत नेण्याचे ज्ञान आम्हा शिक्षकांपेक्षा तुमच्याकडे अधिक होते, आणि ते तुम्ही हातचे न राखता दिले.

मेथी धुण्याचेच पाहा. मुले घमेल्यातले पाणी ओतून देत होती आणि तळाची माती पुन्हा पाल्यात मिसळत होती. तुम्ही त्यांना थांबवून, भरपूर पाण्यात पाला हलवून तो अलगद वर उचलून घ्यायचा आणि माती तळाशीच राहू द्यायची, हे दाखवले. वांगी चिरताना प्रत्येक फोड उघडून अळी आहे का ते पाहायला आणि फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाकायला लावले. ओला हरभरा, गाजर, वाल, वांगी, शेंगदाणे आणि तिळाचे कूट एकत्र पडून खेंगट रटरटू लागले, तेव्हा चुलीजवळ तुम्ही एकट्याच उभ्या राहिलात. मुलांना आचेपासून दूर ठेवण्याची तुमची ती दक्षता पालकांनाही कळावी, म्हणून येथे मुद्दाम नोंदवते.

बाजरीचे पीठ तळहाताने रगडून मळल्याशिवाय भाकरी थापताना चिरते, हे मुलांना त्या दिवशी स्वतःच्या हातांनी समजले. मुलींइतकीच मुलेही परातीपुढे बसली, कारण तुम्ही त्यांच्यात भेद केला नाही. मला याचे मोल फार वाटते.

शासनाच्या प्रमाणानुसार रोजच्या आहारात प्राथमिकच्या विद्यार्थ्याला ५० ग्रॅम आणि उच्च प्राथमिकच्या विद्यार्थ्याला ७५ ग्रॅम भाजी मिळायला हवी. ती ताटात वाढता येते, पण पोटात जाईलच असे नाही, हे तुमच्याइतके कोणी जाणत नाही. एरवी वांग्याची फोड ताटाच्या कडेला सारणारी मुले त्या दिवशी, आपण चिरलेली फोड कोणाच्या ताटात पडली, हे उत्सुकतेने पाहत होती आणि स्वतःचेही ताट स्वच्छ करत होती.

तुम्हाला मिळणारे मानधन तुटपुंजे आहे आणि हे काम त्यात मुळीच मोजलेले नव्हते. तरीही पहाटेपासून येऊन तुम्ही नेहमीचा स्वयंपाक सांभाळत मुलांना शिकवलेत, याची आम्हाला पूर्ण जाणीव आहे.

तुमच्या सांगण्यावरून मुळ्याची काही रोपे न उपटता तशीच ठेवली आहेत. त्यांना डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, धरल्या की काही भाजीसाठी आणि काही बियाण्यासाठी राखू. भाजीचा दिवस तुम्हीच ठरवावा. सहावीची मुले आतापासूनच विचारत आहेत.

तुमची नम्र,
वर्गशिक्षिका, इयत्ता सातवी